आबांचा रिकामा डबा

मल्हारी आबांनी तो संगणक मागवला, तो रविवार अगदी नेहमीसारखा होता. म्हणजे नळाला पाणी नव्हतं, टँकर सकाळपासून ‘निघालाय’ या अवस्थेत होता, आणि मुकुंदवाडीच्या पत्र्यांवर ऊन असं तापलं होतं की शेजारच्या सांडूंच्या छपरावरचा कावळा एक पाय भाजला की दुसऱ्यावर उभा राहत होता. आबा ओसरीत बनियनवर बसले होते. मोबाइल हातभर लांब धरून त्यातल्या एका चौकोनी काळ्या डब्याकडे ते बाजारात जनावर बघावं तसे बघत होते.

घरातला जुना संगणक मागच्या पंधरवड्यात धूर सोडून थंड झाला होता. त्यावर आबा काय करत? पत्ते खेळत, पेपर वाचत आणि पुण्याच्या नातवाशी तोंड दाखवून बोलत. पशुसंवर्धन खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला याहून जास्त संगणक लागत नाही. पण नवा घ्यायचा ठरल्यावर आबांनी त्यात असं लक्ष घातलं, की जणू सरकारनं त्यांना खरेदी समितीवर नेमलं असावं. त्यांचं लहानपण सोयगावच्या डोंगरात वडिलांच्या मेंढरांमागं गेलेलं. दात बघितल्याशिवाय काही विकत घ्यायचं नाही, ही शिस्त त्यांनी शेळीपासून स्कूटरपर्यंत सगळ्यांना लावली होती. आता पाळी या डब्याची होती.

“सत्ये, हे बघ गं.”

आबांची लेक सत्यशीला आत पंख्याखाली वाचत होती. ती एका महिला महाविद्यालयात ग्रंथपाल होती. आठवडाभर लोकांना पुस्तकं देऊन झाली की रविवारी ती एखादं स्वतःला देत असे. “बघते,” ती म्हणाली आणि तिनं पान उलटलं.

“हा रिकामा येतो. आत मेमरी नाय, डिस्क नाय, काय नाय. नुसता सांगाडा अन् मेंदू. बाकीचं आपुन आपल्या मनानं टाकायचं.”

“पैसे देऊन रिकामा डबा?” आबांची बायको वच्छलाबाई डाळ निवडता निवडता म्हणाल्या. “डबे का कमी हायेत माझ्या घरात?”

“अगं, भरलेला घेतला तर आत काय भरलंय ते इकणाऱ्यालाच ठाऊक. मेंढरू घेताना मी कातरलेलंच घ्यायचो का नाय? लोकर असली की हडकुळं बी गुबगुबीत दिसतं. कातरलेलं समोर उभं केलं की जसं हाय तसं दिसतं. लोकर काय, मागून येती.”

तेवढ्यात कुंपणाच्या भिंतीवरून बद्रीनाथ सांडूंचं डोकं वर आलं. सांडू महसूल खात्यातून निवृत्त झाले होते, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. कुठल्याही विषयावर ते ‘मी सांगतो’ अशी सुरुवात करत, आणि विषय कुठला ते नंतर विचारत.

“मी सांगतो, मल्हारराव. डोळ्यांनी बघितल्याबिगर घेऊ नका. कशाबद्दल चाललंय?”

आबांनी सांडूंकडे बघत बघतच बटण दाबलं. मग टँकर आला, गल्लीत नेहमीचं युद्ध झालं, आबांनी पाइप धरला, सांडूंनी तो कसा धरावा ते सांगितलं. संध्याकाळी चहा झाला. आबांनी पिठल्याला मीठ कमी आहे म्हटलं आणि पिठलं संपवलं. सकाळी ते उठले नाहीत. डॉक्टरांनी झोपेतच झटका आला असं सांगितलं.

एवढंच.

पुढचं सगळं पुण्याहून आलेल्या खंडेरावानं निभावलं. तो सत्यशीलेचा धाकटा भाऊ. डोकं भादरून, धोतर नेसून तो सगळ्यांशी बोलला, फोन केले, फोन घेतले. सत्यशीला येणाऱ्यांना पाणी देत होती. तिनं आयुष्यभर इतकं वाचलं होतं, की मरणावरची वाक्यं तिला चार भाषांत पाठ होती. पण तिला स्वतःला जे एक साधं वाक्य बोलायचं होतं, ते काही केल्या तोंडातून निघत नव्हतं. आबांचा फोन वाजला आणि कुणी त्यांना विचारलं की ती “देते” म्हणायची आणि खंडेरावाच्या हातात फोन द्यायची.

सुतकातच एक दिवस त्या फोनवर कुरिअरवाला आला. म्हणजे आवाजानं आला. माणूस काही येईना. आबांची गल्ली त्याच्या नकाशात नव्हती. आबांनी घर बांधलं तेव्हा हे घर गावाच्या शेवटी होतं. आता गाव त्याच्यापुढं इतकं पसरलंय, की घर मधोमध आलंय आणि तरी नकाशात नाही. कुरिअरवाल्यानं तीनदा ‘पोचलोच’ म्हटलं आणि शेवटी पार्सल चिकलठाण्याच्या गोदामात परत नेलं. सत्यशीला तिकडं गेली.

“पार्सल कुणाच्या नावानं?” खिडकीतला कारकून म्हणाला.

“मल्हारी सोन्नर.”

“त्यांना पाठवा. ओळखपत्र घेऊन.”

“ते येऊ शकत नाहीत.”

“आजारी हायेत?”

“नाही.”

“परगावी?”

सत्यशीलेची मान हलली. ती ‘हो’ अशी हलली असा कारकुनाचा समज झाला आणि तिनं तो दुरुस्त केला नाही.

“मग त्यांच्या सहीचं पत्र आणा. नायतर परगावाहून परतल्यावर तेच येतील. घाई काय ताई? संगणक का नासतोय?”

दुसऱ्या दिवशी खंडेराव गेला आणि थांबवून ठेवलेल्या रिक्षानंच पार्सल घेऊन परत आला.

“ताई, काय सांगितलंस तू त्याला? तो म्हणतो, काल एक मॅडम आल्या होत्या, त्यांचे वडील फिरायला गेलेत म्हणाल्या. मी ‘वडील वारले’ म्हटलं, त्यानं हात जोडले आणि खोकं दिलं. संपलं.”

सत्यशीलेनं खोकं उचलून उंबऱ्यापाशी ठेवलं. तिला खोकं मिळाल्याचा आनंद झाला होता आणि ते इतक्या सहज मिळाल्याचा राग आला होता.

आता खोकं उंबऱ्यात. तर वच्छलाबाई आडव्या आल्या. “सुतक हाय. नवी वस्तू आत नाय यायची.”

“आई, ती आबांनीच मागवलीये.”

“म्हणूनच. त्यांच्या वस्तूला उगा अपशकून कामून करायचा?”

या प्रश्नावर सांडूंनी भिंतीवरून निकाल दिला. ते भावकीतले नाहीत, त्यांना सुतक नाही, तेव्हा खोकं सुतक फिटेपर्यंत त्यांच्या ओसरीत राहील. “मी सांगतो, ताई, जबाबदारी माझी,” ते म्हणाले. आणि जबाबदारी म्हणजे काय हे महसूल खात्यात जसं समजलं जातं तसंच समजून, त्यांनी संध्याकाळच्या आत खोकं उघडलं, डबा काढला आणि पान्यानं त्याचं झाकणही काढलं.

मग त्यांनी आवाज दिला. तो आवाज चोर सापडल्यावर देतात तसला होता.

“खंडेराव! आत काहीच नाही!”

खंडेरावानं वाकून बघितलं. पुरणाच्या डब्याएवढा डबा. आत एक हिरवी पट्टी, एक छोटा पंखा आणि दोन-चार मोकळ्या खाचा. त्यानं लांब सुस्कारा सोडला. “गंडवलं आबांना.”

खरी कटकट इथून सुरू झाली. भेटायला येणारी माणसं वच्छलाबाईंजवळ बसत, हळहळत, चहा नाकारत आणि मग पिऊन घेत. आणि जाताना हटकून सांडूंच्या ओसरीत वळत. तिथं स्टुलावर तो उघडा डबा ठेवलेला. सांडू बॅटरी मारून आत दाखवत. लोक रांगेनं वाकून बघत आणि मान हलवत. आबांच्या फोटोपुढं जेवढं कुणी थांबलं नसेल, तेवढं त्या डब्यापुढं थांबत होतं. अजिंठ्याहून आलेले एक लांबचे नातेवाईक बाहेर पडताना म्हणाले, “शेवटी शेवटी डोकं चालत नसंल बिचाऱ्याचं.”

सत्यशीलेच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिनं शांतपणे खाली ठेवला. पण त्या क्षणी तिचं ठरलं. आबांचं डोकं शेवटच्या संध्याकाळपर्यंत, पिठल्यातल्या मिठापर्यंत, व्यवस्थित चालत होतं. हा डबा त्यांनी कातरलेल्या मेंढरासारखा बघून, पारखून, जाणूनबुजून रिकामा घेतला होता. त्यांनी तो का घेतला ते तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, पुस्तकातून मान वर न करता का होईना. आता डबा चालू झाला तर आबा शहाणे. नाही झाला तर ते जन्मभर, म्हणजे बाकीच्यांच्या जन्मभर, ‘डबा घेऊन फसलेले मल्हारराव’ राहणार.

“परत पाठवतो,” खंडेराव म्हणाला. “अजून मुदत आहे.”

“नको. मी चालू करीन.”

“तू? ताई, तुझ्यानं मिक्सरचं झाकण लागत नाही.”

हे खरं होतं. म्हणूनच तिला जास्त लागलं.

तेरावं झालं, खंडेराव पुण्याला गेला, डबा उंबऱ्याच्या आत आला आणि सत्यशीला तो कापडी पिशवीत घालून कॅनॉटच्या बाजारात गेली. तिथल्या एका तळघरात मुनीरभाईचं दुकान. दुकान म्हणजे वायरींचं जंगल आणि त्यात मुनीरभाई. त्यानं पिशवीतून डबा काढला, उलटा केला, हलवला आणि त्याचा चेहरा उजळला.

“अरे! ये तो चचा का माल है! मल्हारी चचा! कित्ते रोज से फोन पे मेरा भेजा खा रे थे. ‘मुनीर, इसमें कौनसी मेमरी बैठती? मुनीर, पंखा आवाज करता क्या?’ मैं बोला, चचा, बना-बनाया लेलो. नक्को बोले! तुम बेटी है ना उनकी? लायब्ररीवाली? हमेशा बताते थे. कां है चचा?”

सत्यशीलेनं तोंड उघडलं. मुनीरभाई हसत होता. त्याच्या हसण्यात आबा जिवंत होते, नुकतेच फोन ठेवून चहाला गेल्यासारखे. पंधरवड्यात तिला भेटलेलं प्रत्येक माणूस तिच्याकडं मान तिरकी करून बघत होतं. हा पहिलाच सरळ बघत होता.

“सोयगावला,” ती म्हणाली.

साऱ्या शहरात एवढं एकच दुकान होतं, जिथं आबा अजून यायचे होते. ते तिच्यानं बंद करवेना.

“सोयगाव!” मुनीरभाईनं काउंटरवर थाप मारली. “बकरे के वास्ते गए! मेरेकू जबान दिए थे, ईद का बकरा मैं दिलातूं, दात देखके. मेरे वालिद के टाइम से चचाच दिलाते. मैं बोला भूल गए होंगे. नै भूले!”

खोटं बोलण्याची सवय नसलेल्या माणसानं खोटं बोलू नये ते यासाठी. सवयीचा माणूस पुणं-मुंबई सांगतो. सत्यशीलेनं नेमकं ते गाव सांगितलं, जिथून बोकड येतो.

मुनीरभाईनं बोकडाच्या खुशीत मेमरीची पट्टी लगेच काढून दिली. घरी येऊन तिनं ती खाचेत बसवायला घेतली, तर पट्टी खाचेपेक्षा चांगली बोटभर लांब. सांडू भिंतीवर आलेच. “मी सांगतो, जरा जोर लावा. नवी चप्पलसुद्धा आधी आवळच असते.” तिनं जोर लावला नाही, म्हणून डबा वाचला. ती पट्टी मोठ्या संगणकाची होती. या डब्याला लॅपटॉपची आखूड पट्टी लागते.

“मेरी गलती,” मुनीरभाई उदार मनानं म्हणाला. “चचा होते तो पकडते. आए क्या?”

“अजून नाही.”

“गर्मी में बकरा ढूंढना मुश्किल. चारा नै, पानी नै. उनकू बोलो, आराम से.”

पुढच्या खेपेला कळलं, की डब्यासोबत विजेचा ठोकळा आलाय पण भिंतीत लावायची वायर आलेली नाही. ही वायर तीन पाकळ्यांची असते, आणि ज्यांच्याकडं ती असते त्यांना ती आपल्याकडं आहे हे ठाऊक नसतं. सत्यशीलेनं ती घरभर शोधली, सांडूंनी त्यांच्या घरभर शोधली, आणि शोधताना त्यांना त्यांच्या हरवलेल्या रेशनकार्डापासून दातांच्या कवळीपर्यंत सगळं सापडलं. फक्त वायर नाही. मग परत कॅनॉट. मग घरचा जुना पडदा, म्हणजे मॉनिटर, निळ्या दातऱ्या खुंटीचा निघाला आणि डब्याला चपटी खुंटी. मग परत कॅनॉट. मग डिस्कची पट्टी बसली पण डबा तिला ओळख देईना, कारण दोन जातींच्या पट्ट्या दिसायला सख्ख्या बहिणींसारख्या असतात आणि मुनीरभाईनं चुकीची बहीण दिली होती. मग परत कॅनॉट.

प्रत्येक खेपेला तिची पिशवी एकीकडे आणि आबांचा प्रवास दुसरीकडे पुढं सरकत होता. आबा सोयगावहून डोंगरात गेले. तिथं रेंज नव्हती. मग भावकीत लग्न निघालं. मग त्यांचा गुडघा दुखला. गुडघ्यावर मुनीरभाईनं एक तेलाची बाटली दिली, ‘चचा कू लगाव बोलो’ म्हणून. ती बाटली पर्समध्ये घेऊन सत्यशीला सिटी बसमध्ये बसली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर नव्या इमारतींचे सांगाडे उभे होते आणि प्रत्येकाच्या पायथ्याशी एक टँकर. कंडक्टरनं दोनदा विचारलं तेव्हा तिनं तिकीट काढलं.

ईद जवळ आली आणि मुनीरभाईचा आवाज जरा उतरला. “मॅडम, चचा कू याद है ना? मैं दूसरा बकरा देख्याच नै. उनकी जबान है बोलके.”

आता आबांची नुसती अक्कलच नाही, तर शब्दही पणाला लागला होता. सत्यशीलेनं घरी येऊन सोयगावच्या हनुमानला फोन लावला. हनुमान तिच्या चुलत्याचा मुलगा. अजून मेंढरं राखणारा घरातला शेवटचा.

“बोकड?” हनुमान म्हणाला. “ताई, तुला बोकड कशाला पायजे? तू तर अंडं बी खात नाय.”

“आबांनी एकाला कबूल केला होता.”

“मग त्या मानसाला सांगितलं नाय व्हय, की आबा...”

“दोन दाती पाहिजे,” सत्यशीला घाईनं म्हणाली. “खोट नसलेला. शिंग मोडकं नको.”

पलीकडं एक मेंढरू ओरडलं. मेंढरं राखणारी माणसं फार विचारत बसत नाहीत. “आणतो,” तो म्हणाला.

बोकड टेम्पोतून आला. उंच, तांबडा, पांढऱ्या कानांचा आणि स्वतःविषयी उत्तम मत असलेला. हनुमाननं तो पेरूच्या झाडाला बांधला, चहा घेतला आणि चारा कुठून आणायचा हे न सांगता निघून गेला. बोकडानं आधी पेरूची पानं संपवली, मग सांडूंच्या भिंतीवर वाळत घातलेला पंचा, आणि मग, ओसरीत जपून ठेवलेलं डब्याचं खोकं. त्या खोक्यावर यंत्राचा क्रमांक होता आणि आत हमीपत्र. सत्यशीला धावत येईपर्यंत हमीपत्राचा शेवटचा कोपरा बोकडाच्या ओठातून आत गेला. तो तिच्याकडं बघत सावकाश रवंथ करत राहिला.

“मी सांगतो,” सांडू पंचाच्या शोकातून सावरत म्हणाले, “कंपनीला आता बोकडच दाखवावा लागेल.”

फक्त वच्छलाबाई खूश होत्या. महिन्याभरात त्या पहिल्यांदा कुणाशी इतकं बोलत होत्या. टँकरच्या पाण्यातली अर्धी बादली त्याच्यापुढं ठेवत, भाकरीचा तुकडा भरवत, त्याच्या पाठीवरून हात फिरवत. “धन्याच्या पारखीला उतरला असतास बरं का तू. मान कशी हाय बघ.”

“आई, जीव नको लावू. ईदेला जायचाय तो.”

“ठाव हाय मला. बोकड हाय, लेक नाय. पण पावना हाय तवर पावना.”

आणि मग तो दिवस उगवला, ज्या दिवशी सगळं जमलं. आखूड पट्टी खाचेत बसली, योग्य बहीण डिस्कच्या जागी बसली, तीन पाकळ्यांची वायर भिंतीत गेली, पडदा जोडला गेला. सत्यशीलेनं हे सगळं स्वतःच्या हातांनी केलं. झाकण तेवढं लावायचं राहिलं होतं, कारण आतला पंखा फिरतो का ते तिला बघायचं होतं. सांडू साक्षीदार म्हणून आले होते. तिनं बोट बटणावर नेलं.

“थांब!” वच्छलाबाई म्हणाल्या.

त्या देव्हाऱ्यातून भंडाऱ्याची वाटी घेऊन आल्या. खंडोबाचं घराणं. या घरात नवी वस्तू भंडारा अंगावर पडल्याशिवाय कामाला लागलेली नाही. आबांनी स्कूटर आणली तेव्हा तिचं सीट महिनाभर पिवळं होतं, आणि नव्या फ्रिजमधून पहिला बर्फ निघाला तो हळदीचा.

“आई, जरा थांब, झाकण...”

“येळकोट येळकोट जय मल्हार!” वच्छलाबाईंनी ओंजळ उधळली. धन्याची शेवटची वस्तू. त्यांनी हात राखला नाही.

पिवळा धुरळा खाली बसला तेव्हा पंखा, खाचा, पट्ट्या, काहीच दिसत नव्हतं. तरी सत्यशीलेनं बटण दाबलं. आई एवढी आशेनं बघत होती. डब्यानं एक लांब शिट्टी मारली, दोन आखूड मारल्या आणि तो गप्प झाला. पडदा काळाच राहिला.

“मी सांगतो,” सांडू अगदी हळू म्हणाले. मग त्यांनी वच्छलाबाईंच्या तोंडाकडं बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही सांगितलं नाही.

तर असं झालं, की ईदेच्या आदल्या दिवशी एका रिक्षात मागच्या सीटवर प्रतिष्ठित महिला महाविद्यालयाच्या ग्रंथपाल बसल्या होत्या, त्यांच्या मांडीवर एक पिवळा डबा होता आणि पायांशी एक तांबडा बोकड, ज्याचं डोकं रिक्षाबाहेर होतं. जालना रोडच्या सिग्नलवर शेजारी एक स्कूटी थांबली.

“मॅडम, तुम्ही?” स्कूटीवरची मुलगी म्हणाली. मागच्याच वर्षी सत्यशीलेनं तिला वाचनालयात मोठ्यानं बोलल्याबद्दल दंड केला होता.

“हो,” सत्यशीला म्हणाली. बोकडानं त्याच वेळी जे ओरडायचं ते ओरडून घेतलं. दंड करायची सोय नव्हती.

मुनीरभाई तळघराच्या पायऱ्या चढून धावतच वर आला. त्यानं बोकडाचा जबडा उघडून दात बघितले, कान बघितले, पाठीवर तळवा ठेवला. त्याचे डोळे भरून आले. “इस साल में, इस सूखे में! मॅडम, ये चचा के सिवा किसी के बस का नै.” बोकड समोरच्या खांबाला बांधला गेला, पुढं पाण्याची बादली आली. मग खाली जाऊन त्यानं डबा हातात घेतला आणि थबकला.

“ये क्या? हल्दी?”

“भंडारा आहे. आईनं टाकला. नवी वस्तू होती.”

“मशीन के अंदर?”

“आमच्यात टाकतात.”

मुनीरभाईनं थोडा विचार केला. “हमारे वालिद बी नई गाडी लिए तो बोनट खोल के लोबान फिराए थे. अंगारा अंदरच पड़ गया. वायरिंग जल गई.” आणि त्यानं ब्लोअर चालू केला. तळघरात पिवळं वादळ उठलं. दुरुस्तीला आलेले लॅपटॉप, काउंटर, मुनीरभाईची दाढी, चहा घेऊन नुकताच आलेला चहावाला, सगळे भंडाऱ्यात न्हाऊन निघाले. मग कापसानं एकेक खाच पुसली, पट्ट्या काढून परत लावल्या. सत्यशीला स्टुलावर बसून बघत होती. तिच्या मनात एकच होतं. हा आता पेटला नाही, तर खंडेराव, सांडू, अजिंठ्याचे ते नातेवाईक, सगळे खरे.

मुनीरभाईनं बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा उजळला.

“दिख्या!” तो ओरडला. “चल पड्या! और कित्ता फास्ट देखो! भरेला लेते तो इत्ती मेमरी नै मिलती, ऐसी डिस्क नै मिलती. मैं पहले दिन से बोल रा था, खाली डब्बा कायकू लिए. मेराच भेजा खाली था. चचा ने चीज बराबर चुनी, मॅडम. एकदम बराबर.”

सत्यशीलेनं मान हलवली. ‘बराबर’ हा शब्द तिनं नीट ऐकून घेतला. तिला वाटलं होतं, की हे ऐकलं की सगळं हलकं होईल. पण हलकं झालं नाही. ज्याला जाऊन सांगावं ते माणूसच आता घरी नव्हतं.

पडद्यावर पाट्या येत होत्या, मुनीरभाई एकेकीला होकार देत पुढं जात होता. भाषा. घड्याळ. मग एक रिकामी चौकट आली. हा संगणक कोण वापरणार, त्याचं नाव.

मुनीरभाईनं विचारलंसुद्धा नाही. एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, मोठ्यानं म्हणत त्यानं लिहायला घेतलं. “मल्... हा... री. लो. चचा आएंगे तो खुद का नाम देख के खुश होंगे. कब आ रे? ईद का खाना मेरे इधरच, बोल देना उनकू.”

चौकटीत नावाच्या पुढं एक छोटी उभी रेघ लुकलुकत होती, पुढचं अक्षर मागत असल्यासारखी.

“मुनीरभाई,” सत्यशीला म्हणाली, “ते नाव टाकू नका.”

“कायकू? गलत लिख्या?”

“नाही. बरोबर लिहिलंय.” तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. हातांना भंडारा लागला होता. “ते सोयगावला गेलेच नव्हते. डोंगरात नाही, लग्नाला नाही. मी तुम्हाला रोज काहीतरी सांगत होते.”

मुनीरभाईचं बोट बटणांवरच राहिलं.

“माझे वडील वारले,” सत्यशीला म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. म्हणून तिनं तेच पुन्हा, हळू आवाजात म्हटलं. “हा डबा मागवला त्याच्या दुसऱ्या दिवशी. आबा वारले, मुनीरभाई. आणि मला ते अजून कुणालाच सांगता आलं नव्हतं.”